अडीच वॅटची नीलगिरी

एकास शहाण्णव. ब्रिटिश आराखडे फुटा-इंचांत असायचे आणि एका फुटाला एक अष्टमांश इंच धरला की हे प्रमाण आपोआप येतं, म्हणून जहाजांची मॉडेलं करणाऱ्यांचं ते जुनं आणि लाडकं. मी जिचं मॉडेल करतोय ती युद्धनौका नीलगिरी ११३ मीटर लांब होती. ९६ने भागलं की एक मीटर अठरा सेंटिमीटर. रुंदी १३ मीटर, ती साडेतेरा सेंटिमीटरवर येते. पुढची जोडतोफ साडेचार इंची, म्हणजे नळीचा व्यास ११४ मिलिमीटर. भागाकार केला की जेमतेम सव्वा मिलिमीटर. ही नळी मला केमिस्टकडे मिळाली. अठरा गेजची इंजेक्शनची सुई, टोक घासून सपाट केलेली. सुया कशाला हव्यात म्हणून दुकानदाराने विचारलं आणि "तोफेला" हे उत्तर ऐकल्यावर पुढे काही विचारलं नाही.

भागाकाराचा हा खेळ डेकच्या वर बिनतक्रार चालतो. शिड्या, कठडे, डोलकाठी, रडार, हेलिकॉप्टरचं हॅंगर, सगळं निमूट लहान होतं. डेकखाली, जिथे मोटारी, शाफ्ट आणि पंखे बसवायचे, तिथे मात्र गाडी अडते. कारण तिथून पुढे गाठ पाण्याशी असते, आणि पाणी काही कुणी ९६ने भागून दिलेलं नाही. तळ्यातलं पाणी तेच, समुद्राचं असतं जवळजवळ तितकंच जड, तितकंच चिवट. लहान जहाजाने मोठ्या पाण्यात चालायचं कसं, हा सगळा प्रश्न त्या मागच्या वीतभर जागेत सोडवावा लागतो, आणि तिथे केलेलं काम डेक बसवल्यावर कुणालाही दिसत नाही. मला या छंदातला सगळ्यात जास्त रस त्याच जागेत आहे. रंगकाम मी उरकतो.

नीलगिरीच का, असं विचारणारे भेटतात. माझगाव डॉकमध्ये १९६८ साली ती पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ला नौदलात दाखल झाली. आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा, पण पत्रा वाकला तो माझगावात. स्वतंत्र भारतात बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी अशा पाच बहिणी त्याच गोदीतून आल्या. १९९६ला ती निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सी हॅरियर विमानाने सोडलेल्या सी ईगल क्षेपणास्त्राचं लक्ष्य म्हणून तिला बुडवण्यात आलं. त्यामुळे जाऊन हात लावून पाहावी अशी ती कुठेच उरलेली नाही. त्याच नावाची नवी नीलगिरी, तीही माझगावचीच, १५ जानेवारी २०२५ला मुंबईत दाखल झाली. ती देखणी आहे, पण आजकालच्या युद्धनौका रडारला चुकवण्यासाठी इतक्या सपाट भिंतींच्या असतात की मॉडेलवाल्याला करायला फारसं काही उरत नाही. जुनीच्या डेकवर प्रत्येक फुटाला काहीतरी उपसलेलं, टांगलेलं, वळकटी करून बांधलेलं असायचं.

जुनीच्या पोटात दोन बॉयलर आणि दोन वाफेची टर्बाइन होती. दोन शाफ्ट, दोन पंखे, एकूण ३०,००० अश्वशक्ती, वेग २८ नॉट. आता याचा भागाकार कसा करायचा?

याची रीत विल्यम फ्रूडने घालून दिली. १८६०च्या दशकात इंग्लंडातल्या डार्ट नदीत त्याने दोन घडणींच्या लहान-मोठ्या नावा ओढून पाहिल्या. एका घडणीला त्याने 'रेव्हन' नाव दिलं होतं, ती सडपातळ आणि टोकदार. दुसरीला 'स्वान', ती भरदार. टोकदार नाव नेहमीच हलकी चालणार, ही तेव्हाच्या भल्याभल्यांची समजूत त्या प्रयोगांनी मोडली, वेग वाढला की भरदार नाव बाजी मारायची. पुढे १८७२मध्ये टॉर्कीला त्याने लांबलचक हौद बांधला आणि त्यात मेणाच्या नावा ओढून तो मोजमापं घेऊ लागला. अजूनही जहाजाचा आराखडा गोदीत जाण्याआधी अशा हौदातून जातो. आपल्याकडे विशाखापट्टणमला नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत असा पाचशे मीटर लांबीचा हौद आहे. फ्रूडचं म्हणणं असं, की लहान नावेच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसायला हव्या असतील तर वेग लांबीच्या प्रमाणात नाही, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करा. ९६चं वर्गमूळ पावणेदहाहून जरासं जास्त. २८ नॉटला त्याने भागलं की सेकंदाला दीड मीटर येतो, म्हणजे सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाची झपझप चाल. तळ्याच्या काठाने जहाजाबरोबर मी चालू शकतो. मला दम लागला तर मोटारी फार जोरात चालल्या आहेत, असं समजायचं.

वजन लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही दिशांनी कमी होतं, म्हणून ९६ने तीनदा भागायचं. तीन हजार टनांचे तीन किलो चारशे ग्रॅम होतात. शक्तीसाठी हे दोन्ही भागाकार एकापाठोपाठ करायचे, आधी तीनदा ९६ने आणि मग वर्गमुळाने. ३०,००० अश्वशक्तीचं काय उरतं? अडीच वॅट आणि वर थोडंसं. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी कॅलक्युलेटर झटकला. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, खाली उकाड्यात राबणारी माणसं, आणि बाकी अडीच वॅट.

प्रत्यक्षात ॲमीटर याच्या कितीतरी पट आकडा दाखवतो. फ्रूडचा हिशेब लाटांना लागू पडतो, घर्षणाला नाही. लहान नावेच्या अंगाला पाणी मानाने जास्त चिकटतं, लहान मोटार तिला दिलेल्या विजेतली बरीच उष्णतेत घालवते, लहान पंखा पाणी ढकलण्यापेक्षा घुसळतो जास्त. यातलं निम्मंअधिक माझ्या हाताबाहेरचं आहे. माझ्या हातात राहतं ते एवढंच, की शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे. एवढ्यासाठी माझे महिने जातात.

शाफ्ट म्हणजे चार मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची सळई. ती पितळेच्या नळीतून जाते, नळीच्या दोन्ही टोकांना गनमेटलचे बुश, मधली पोकळी ग्रीसने भरलेली. आतल्या बाजूचं टोक पाण्याच्या रेषेच्या वर राहील अशी नळी बसवायची, म्हणजे ग्रीस संपलं तरी पाणी चढून आत सांडत नाही. बुश मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतो. त्याच्याकडे हजारांच्या ऑर्डरी असतात. माझा कागद उलटसुलट करून तो म्हणाला, "साहेब, चारच नग?" मग भोक चारला रिमर मारू का आणि फिट कसा पाहिजे, रनिंग का स्लाइड, हे दोन नेमके प्रश्न. रनिंग म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि चहा येईपर्यंत चार बुश काढून तेलकट चिंधीवर मांडून ठेवले. पैसे घेताना मात्र तो अवघडला, कारण इतक्या लहान कामाचा दर त्याच्याकडे नव्हता.

मग तळाला भोकं पाडायची. फायबरग्लासची कवटी हातात घेऊन तिला आपण होऊन भोक पाडणं, तेही पाण्याखाली राहणाऱ्या जागी, हे मनाला पटत नाही. ड्रिलने एक बारीक छिद्र, मग गोल कानशीने तिरकी खाच, थोडी थोडी, नळी घालून पाहत. काचेच्या धुळीने मनगटं खाजतात. दोन्ही खाचा कण्यापासून अगदी सारख्या अंतरावर हव्यात, दोन्ही नळ्यांचा उतार सारखा हवा आणि शक्य तितका कमी हवा. उतार जास्त झाला तर पंखा पाणी मागे ढकलण्याऐवजी थोडं खालीही ढकलतो आणि जहाजाचं शेपूट उचलू पाहतो. मी प्लायवुडचा एक साचा करून तो कवटीला उलटा चढवतो आणि नळ्या त्यात अडकवून ठेवतो. नुसत्या डोळ्यावर माझा भरवसा नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नौदलात इंजिन रूम आर्टिफिसर होते. नीलगिरीच्याच वर्गातल्या एका जहाजावर त्यांची काही वर्षं गेली. संध्याकाळी खाली उतरताना ते माझ्या गॅलरीत डोकावतात, खुर्ची ओढतात आणि काही न बोलता शाफ्टचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून टिचकी दिल्यासारखं फिरवतात. मग कान तिकडे. शाफ्ट फिरत फिरत हळूहळू थांबला तर काही बोलत नाहीत. थबकला तर म्हणतात, "धरतोय कुठेतरी." मी मोटार लावून दाखवू लागलो तर एकदा त्यांनी हात धरला.

"मोटारीला नंतर दाखव रे. मोटार काय, जोर लावून फिरवील. आधी बोटांना दाखव."

शाफ्ट येता-जाता फिरवायची त्यांची सवय जुनी आहे, हे मला नंतर कळलं. जहाज बंदराला लागलं, टर्बाइन बंद केलं, तरी काम संपत नसे. तापलेलं रोटर एकाच जागी थांबलं तर वरची बाजू आणि खालची बाजू सारखी थंड होत नाही, आणि टनावारी वजनाचं ते पोलाद केसभर वाकतं. केसभर पुरे. म्हणून छोट्या मोटारीच्या टर्निंग गिअरने ते कित्येक तास अगदी सावकाश फिरवत ठेवायचं. बाकीचे खलाशी नाहूनमाखून गेटाबाहेर पडत आणि यांच्यातला कुणीतरी खाली पहाऱ्याला. "कुलाब्याचे दिवे आम्ही सगळ्यात शेवटी बघितले," असं ते म्हणतात. माझा शाफ्ट वाकायला तापतच नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी फिरवतात.

नळी आणि मोटार एका रेषेत आणण्याची एक युक्ती या छंदात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. शाफ्ट आणि मोटार यांच्यामध्ये शेवटी लवचिक जोड, म्हणजे युनिव्हर्सल कपलिंग बसवायचं असतं. पण आधी ते बसवायचं नाही. त्याच्या जागी पितळेचा एक सरळ, ताठ तुकडा घालायचा, मोटार त्याला लटकू द्यायची, आणि तशीच तिच्या पायाखाली अराल्डाईट भरायचं. मोटारीला स्वतःची जागा स्वतः शोधू द्यायची. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी तुकडा काढून कपलिंग घालायचं, आणि त्या लवचिक जोडाला लवचिक व्हायची गरजच पडू नये. उलट आधीच कपलिंग घालून कामचलाऊ मोटार बसवली, तर जोड सगळी वाकडी रेष पोटात घेतो, शाफ्ट फिरतोही, पण मिक्सरचा कपलर झिजल्यावर घरभर जो आवाज ऐकू येतो तोच आवाज तळ्यावर ऐकू येतो. लवचिक जोड वाकडेपणा झाकण्यासाठी वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची जहाजं लांबून ओळखू येतात.

मोटारीला जोरात फिरायचं असतं, पंख्याला सावकाश. हे भांडण मॉडेलचंच नाही, टर्बाइनच्या जन्मापासूनचं आहे. वाफेच्या टर्बाइनचा जनक चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली 'टर्बिनिया' ही नाव पाण्यात उतरवली तेव्हा तिला एकच शाफ्ट होता. टर्बाइन झकास चाललं आणि नाव हवी तशी धावली नाही. पंखा इतका गरगर फिरत होता की पात्यांमागे पाणी फाटून पोकळी होत होती आणि सगळी ताकद त्या पोकळीत जात होती. पार्सन्सने मग पिळलेल्या रबरावर चालणारी सहा फुटी प्रतिकृती केली, उकळीच्या जवळ आणलेल्या पाण्याच्या टाकीत पंखा फिरवून त्या पोकळ्यांचे फोटो काढले, आणि शेवटी तीन शाफ्ट, प्रत्येकावर तीन अशा नऊ पंख्यांवर येऊन ठेपला. १८९७ला राणीच्या हीरक महोत्सवी संचलनात, स्पिटहेडला, ती चिमुकली नाव ३४ नॉटने धावली आणि तिला पकडायला निघालेल्या गस्ती नौका मागे राहिल्या. एवढ्या थोर माणसानेसुद्धा रबर पिळून प्रयोग केला, याचा आधार मला नेहमी वाटत आला आहे.

पुढच्या पिढीने यावर दात्यांच्या चाकांचा उपाय काढला. नीलगिरीच्या टर्बाइनचा वेगही दोन टप्प्यांनी कमी होऊनच पंख्यापर्यंत पोचायचा. पंखे पाच पात्यांचे, मोठे, सावकाश फिरणारे, कारण पाणबुड्यांच्या मागावर असलेल्या जहाजाला स्वतःचा आवाज परवडत नाही. या मॉडेलमध्ये मोटार थेट शाफ्टला जोडलेली नाही, मध्ये दातेरी चाकांऐवजी दातेरी पट्टा आहे. चाकं पोकळ फायबरग्लासमध्ये किरकिरतात आणि कवटी तो आवाज मोठा करून बाहेर देते. पट्टा गप्प असतो. शिवाय मोटार शाफ्टच्या रेषेतून बाजूला, खाली तळाशी सरकवता येते, आणि वजन जितकं खाली तितकं बरं. बारा व्होल्टची मोटार मी सहा व्होल्टवर चालवतो. ती कुरकुरत नाही, तापत नाही, आणि पंख्याला मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे मिळतात.

दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरायला हवेत, दोन्ही वरच्या अंगाने बाहेरच्या बाजूला. एकाच दिशेने फिरवले तर जहाज एका कुशीला ओढ खातं. म्हणून एक पंखा डाव्या फिरकीचा, एक उजव्या, आणि एका मोटारीच्या वायरी उलट. इथे एक मेख आहे. पुष्कळशा ब्रशवाल्या मोटारींचे ब्रश एका दिशेला धार्जिणे बसवलेले असतात. उलट फिरवल्या की त्या जास्त करंट खातात आणि कमी फेरे देतात. दोन्हीकडे सारख्या फिरणाऱ्या मोटारी दुकानात निवडूनच घ्याव्या लागतात. मी सहा व्होल्टची बॅटरी आणि मीटर घेऊनच जातो. काउंटरवर प्रत्येक मोटार दोन्ही बाजूंनी फिरवून पाहणारं गिऱ्हाईक कुणाला आवडत नाही. ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओत खरखर होऊ नये म्हणून मोटारीच्या टर्मिनलांवर कपॅसिटर झाळायचे, दोन्ही मोटारींना वेगळे कंट्रोलर लावायचे, फ्यूज घालायचा. रेडिओचं बाकी सगळं हल्ली इतकं सोपं झालंय की त्यावर लिहावं असं काही नाही. १८९८मध्ये टेस्लाने न्यूयॉर्कला बिनतारी हुकमावर चालणारी नाव दाखवली तेव्हा लोकांना आत माकड बसवल्याचा संशय आला, असं सांगतात. आज आठवीतलं पोर रिसीव्हर जोडून देतं.

वजन मात्र कुणी जोडून देत नाही. आमच्या सोसायटीत गणपती विसर्जनासाठी आणलेली फायबरची टाकी वर्षभर पार्किंगमध्ये पालथी पडलेली असते. ती सरळ करून, भरून, त्यात जहाज सोडायचं. लेड ॲसिड बॅटरी तळाला मधोमध, मग शिशाचे तुकडे पुढे-मागे सरकवत तांबड्या रंगाची कड पाण्याच्या कडेला आणायची. तीन किलो चारशेचा आकडा इथे खरा होतो किंवा खोटा पडतो. कधी एक तुकडा बोटभर मागे सरकवला की नाळ केसभर वर येते, आणि पार्किंगमधली पोरं "काका, आता डावीकडे बुडतंय" म्हणून ओरडतात.

चालवायला पुण्याची तळी आणि नदी कामाची नाहीत. जलपर्णीचं एक मूळ पंख्यात गेलं की शाफ्टभोवती आवळत जातं आणि मोटार जळायला वेळ लागत नाही. मी शेततळ्यावर जातो, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या. सरकारी योजनेतून खणलेलं, आत प्लास्टिकचा कागद, पाणी स्वच्छ, शेवाळ कमी. कागद फार निसरडा असतो, म्हणून काठावर दोर बांधल्याखेरीज कुणी खाली उतरायचं नाही हा नियम. जहाज अडकलं तर गळाच्या दोरीला चेंडू बांधून फेकायचा आणि ओढून आणायचं.

तिथे मी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करतो. नुसत्या डोळ्यांना ते खेळणंच दिसतं. ते टुणटुण करत लाटांवर नाचतं, कारण लांबी कमी झाली की काळही वर्गमुळाने आक्रसतो, तीन हजार टनांचं जहाज जेवढ्या वेळात एक हेलकावा घेईल तेवढ्यात हे दहा घेतं. पण सेकंदाला २४० चित्रं घेऊन ती सेकंदाला २४च्या गतीने दाखवली की काळ दहापट ताणला जातो, म्हणजे ९६च्या वर्गमुळाला अगदी जवळचा आकडा. सिनेमावाले लहान जहाजांवर वादळं चित्रित करायचे ते याच हिशेबाने. पडद्यावर नाळ संथपणे वर येते, टेकते, पांढरी मिशी दोन्ही बाजूंना उघडते, मागून फेसाचा पट्टा लांबत जातो, आणि माझ्या पोटात काहीतरी हलतं. उघडं पाडतात ते थेंब. वाटाण्याएवढा थेंब ९६ने गुणला तर अर्ध्या मीटरचा होतो आणि असले गोळे समुद्रात कुठल्याच जहाजाच्या नाळेवरून उडत नाहीत.

काकांना हा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी नेऊन दोनदा पाहिला. थेंबांबद्दल काही बोलले नाहीत. नाळेकडे पाहिलंच नाही.

"मागे फेस फार आहे," ते म्हणाले. "हवा ओढतायत तुझे पंखे. शेपूट वर आहे का?"

"थोडं असेल."

"थोडं नाही. बॅटरी मागे घे. आणि थ्रॉटल कमी कर, आम्ही बंदराजवळ एवढं कधी पळवत नव्हतो."

मी समोरच डेक उचलला आणि बॅटरीचे पट्टे सैल केले. तोवर त्यांचा हात डाव्या शाफ्टवर गेला होता.

"हा धरतोय," ते म्हणाले. "ग्रीस घातलंस का?"